सुरीवरचे तीन ठिपके

नवरात्राच्या चौथ्या माळेला, हॉटेलात कुक असलेल्या आमच्या मुलीची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी चहा झाल्यावर तिने सॅकमधून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि आईसमोर धरली. आईने हात पुढे केला नाही.

"खाली ठेव आधी. सुरी अशी हातात देऊ नये."

"तुला कसं कळलं सुरी आहे ते?"

"टॉवेलात गुंडाळून दुसरं काय आणणार तू? बाळ?"

मुलगी हसली आणि तिने ती ओट्यावर ठेवून टॉवेल उलगडला. लांब, निमुळतं पातं, अष्टकोनी लाकडी मूठ, आणि पात्यावर मुठीच्या जवळ उभी कोरलेली दोन अक्षरं. ती अक्षरं आपली नव्हती आणि इंग्रजीही नव्हती. जपानी सुरी आहे, ती म्हणाली. मूठ पुण्यात बदलून घेतलेली, पण पातं तिकडचं.

"कोणी दिली?"

"आमच्या शेफनी. काल त्यांचा शेवटचा दिवस होता. गोव्याला नवीन किचन सुरू करतायत. जाताना मला देऊन गेले."

अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात मला सत्तावीस वर्षं झाली. माल आणणारा माणूस काय सांगतो ते मी नीट ऐकून घेतो आणि मग मोजतो. घरीही तीच सवय लागली आहे, त्याला माझा इलाज नाही. मी बायकोचा लाडवांचा वजनकाटा काढला. सुरी एकशे चौसष्ट ग्रॅम भरली. पातं दोनशे दहा मिलिमीटर. व्हर्नियर लावून पाठीची जाडी घेतली: मुठीपाशी दोन पूर्णांक दोन, मध्यावर एक पूर्णांक आठ, टोकाकडे एकाच्याही आत. आमच्या घरातली नेहमीची सुरी इकडून तिकडून सारखीच दीड, कारण ती सरळ पत्र्यातून कापलेली असते. ही तशी नव्हती. पण हल्ली बनावट मालही मापात असतो. तेवढ्यावरून काही ठरत नाही.

मी मोजत असताना मुलगी म्हणाली, "बाबा, आणखी एक होतं. त्यांनी मला तिकडे बोलावलंय. कटिंगच्या टेबलावर मुख्य म्हणून. सणानंतर लगेच. जाऊ का?"

"बघू," मी म्हणालो.

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते तिला चोवीस वर्षांत चांगलं कळलेलं आहे. तिने पुढे विचारलं नाही. सुरी पुसून परत टॉवेलात ठेवली.

माझी शंका काय होती ते सरळ लिहितो. पन्नाशीतला एक माणूस आपली सगळ्यात चांगली सुरी एका मुलीला फुकट देतो, आणि त्याच आठवड्यात तिला घरापासून दूर, आपण जातो तिथे बोलावतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असं मानायला माझं मन तयार नव्हतं.

त्यात तिसरी गोष्ट होती. तिचं हॉटेल गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यात, घरापासून सतरा किलोमीटर. ड्यूटी दोन तुकड्यांत: सकाळी साडेनऊ ते साडेतीन, मग साडेसहा ते अकरा. पहिलं वर्षभर ती मधल्या तीन तासांत स्कूटरवर घरी यायची, जेवायची, झोपायची. गेल्या दिवाळीपासून ते बंद झालं. कंटाळा येतो एवढ्या फेऱ्यांचा, असं म्हणाली. मी तेव्हा मान डोलावली होती. आता मी हिशेब मांडला. अकरा महिने, आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास. साधारण साडेआठशे तास. माझी मुलगी साडेआठशे तास कुठे होती ते मला माहीत नव्हतं. तिच्या बोटांची टोकंही मी पाहिली होती. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, आणि रेघांमध्ये काळसर काहीतरी. विचारलं तर म्हणाली, भांडी. पण कुकला भांडी घासावी लागत नाहीत, एवढं मलाही कळतं.

माझ्यासमोर तीन शक्यता होत्या. सुरी खोटी आणि शेफने पोरीला गंडवलं. सुरी खरी, पण हॉटेलची, आणि ती कोणीतरी उचलली. सुरी खरी आणि खरंच दिलेली, आणि मग ती का दिली हा प्रश्न. खोटी निघाली असती तर मला फार बरं वाटलं असतं. म्हणून सुरुवात तिथून करायची ठरवली.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मशीनची पूजा असते. सकाळी सगळं पुसून घ्यायचं, अकराला मशीनं बंद, मग हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे. तपासणी विभागात आम्ही आमचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल असं सगळं एका टेबलावर मांडून पूजा करतो. आदल्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला म्हणालो, "तुझी सुरी दे उद्या. पूजेला नेतो. अवजार आहे, पूजा झाली पाहिजे."

तिला बरं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

"न्या की. पण बाबा, काही कापू नका हं तिनं. आणि ओली ठेवू नका, लगेच डाग पडतात."

"मी कारखान्यात काय कापणार?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आमच्याकडे कडकपणा मोजायचं मशीन आहे. त्यात हिऱ्याचं टोक असतं. ते दीडशे किलोच्या भाराने धातूवर दाबायचं आणि ते किती खोल रुतलं त्यावरून आकडा येतो. कमी रुतलं तर पोलाद कडक. स्वयंपाकघरातल्या साध्या सुऱ्या पंचावन्नच्या खालीच असतात. असल्या जपानी सुऱ्या साठच्या पुढे जातात, हे मी वाचलं होतं. मशीनवरचा माणूस निफाडचा, एकोणीस वर्षं त्याच मशीनवर. मी गेलो तेव्हा तो हातात हार घेऊन उभा होता.

"काय साहेब, आता तर पुसून ठेवलं मी. हार घालायच्या टायमाला काय आणलं?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

मी टॉवेल उलगडला. त्याने सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनींनी बाहेर काढलं का काय तुम्हाला? सामानासकट?"

"मुलीची आहे. खरी आहे का बघायचंय."

"पोरीला विचारलंय ना?"

"तू लाव."

"खूण पडंल साहेब. हिरा हाय तो. एकदा पडली का ती जात नाय."

"मुठीजवळ घे. अक्षरांच्या खाली. कोणाला दिसणार नाही."

त्याने हार खुंटीला लावला, पातं मांडलं आणि भार सोडला. साडेएकसष्ट. त्याने शीळ घातली.

"लय कडक माल हाय. अस्सल हाय ही. घ्या, घरी घेऊन जा."

"अजून दोन घे."

"कशाला? कोणाला सर्टिफिकेट द्यायचंय का?"

"एक रीडिंग धरत नाहीत."

"ते आपल्या मालाला, साहेब. ही तर पोरीची सुरी हाय."

पण मला एकाच रीडिंगवर निष्कर्ष काढता येत नाही. चार-चार मिलिमीटर अंतर सोडून त्याने आणखी दोन घेतली. बासष्ट. बासष्ट. पात्यावर तीन बारीक ठिपके एका ओळीत उमटले, सुईने टोचल्यासारखे. मी बोट फिरवून पाहिलं. जेमतेम लागत होते. मग सुरी टेबलावर मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवली. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाने सगळ्या अवजारांना ओलं कुंकू लावलं, तिलाही लावलं. तासाभराने मी ती नीट पुसली, मशीनचं तेल लावलं आणि गुंडाळली.

सुरी खरी निघाली. म्हणजे तीनातली पहिली शक्यता गेली आणि वाईट त्या दोन उरल्या. परतताना वाटेतल्या एका गॅरेजजवळ गाडी उभी करून मी हॉटेलचा नंबर लावला. किचनमधून काही गहाळ झालंय का, एवढंच विचारायचं होतं. दोन रिंग झाल्यावर मी फोन कापला. विचारणारा कोण, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दसऱ्याला मुलीची ड्यूटी दुपारपासून होती; सकाळी ती कोशिंबिरीला टोमॅटो चिरत होती. त्या सुरीचा आवाजच येत नव्हता. टोमॅटोच्या चकत्या नुसत्या पडत होत्या. झाल्यावर तिने पातं धुतलं, पुसलं आणि सवयीने खिडकीकडे धरून पाहिलं.

"बाबा, हे लाल काय आहे?"

"कुंकू असेल. पूजा केली ना."

तिने फडक्याने घासलं. नखाने खरवडलं. मग पातं तिरपं करून उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे खड्डे आहेत. तीन. ओळीत आहेत."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. खोटं बोलायचा प्रश्न नव्हता.

"हार्डनेस बघितला. खरी आहे. बासष्ट आला."

"मी सांगितलं होतं ना खरी आहे म्हणून."

"तुला देणाऱ्याने सांगितलं, ते तू मला सांगितलंस."

"पण मी सांगितलं होतं."

तिने पातं पुन्हा तिरपं केलं.

"आणि तीन कशाला? एकानं भागलं नाही?"

"एक रीडिंग धरत नाहीत."

बायको श्रीखंड घोटत होती. तिला एकदम हसू फुटलं आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला. बाकी कोणी हसलं नाही. मुलीने सुरी गुंडाळली आणि ड्यूटीला तासभर आधीच निघाली. चपला घालताना म्हणाली, "गोव्याचं मी तुम्हाला विचारत होते. आता विचारत नाही." पुऱ्या तळायच्या होत्या. ती न जेवता गेली.

बायकोने ताटं वाढली आणि समोर बसली.

"अहो, तुम्हाला नेमकं वाटतंय काय? काय केलं तिनं?"

मी तिला साडेआठशे तासांचा हिशेब सांगितला. बोटांचं सांगितलं. तिने पुरी मोडली आणि शांतपणे म्हणाली, "धारा लावत बसायची. दुपारी त्यांच्या किचनच्या मागे, पाण्यात भिजवलेला धारेचा दगड घेऊन. ते शेफ शिकवायचे. किचनच्या सगळ्या सुऱ्यांना धार तीच लावायची."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"तिनं सांगू दिलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, इंजिनिअरिंग सोडलं ते धारवाली व्हायला का?"

मी असं म्हणालो असतो का, याचा विचार केला. म्हणालो असतो.

"बरं, आपल्या सुऱ्यांना धार कोण लावतं?" बायकोने विचारलं.

"सायकलवाला येतो ना बुधवारी."

"वर्ष झालं त्याला येऊन. मीच नको म्हणाले. तुम्ही एवढे मोजणारे, हे नाही दिसलं तुम्हाला?"

माझ्या मनात तेव्हासुद्धा पहिली गोष्ट आली ती ही की मायलेकींनी मिळून ठरवलेलं उत्तर असू शकतं. आई मुलीच्या बाजूने बोलणारच. पण हे उत्तर तपासता येण्यासारखं होतं. पाहुणे सोनं द्यायला येण्याआधी माझ्याकडे अडीच तास होते.

धारेचा कोन घरी मोजता येतो. लेझरचा बारीक किरण धारेवर समोरून सोडला की तो दोन्ही बाजूंना वळून कागदावर पडतो. किती अंश वळला ते मोजायचं, त्याचं निम्मं म्हणजे त्या बाजूचा कोन. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडद्यावर बोट दाखवायला मिळालेलं लेझर माझ्याकडे होतं. पुठ्ठ्यावर कोनमापक उतरवून घेतला, पडदे ओढले आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

आधी एक जुनी, माळ्यावर पडलेली सुरी घेतली, जिला दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता. सायकलवाल्याच्या चाकावर धरलेली. एका बाजूला बावीस, मग सव्वीस, मग एकोणतीस. दुसऱ्या बाजूला आणखी वेगळंच. चाकावर असंच होतं, त्यात त्याचा दोष नाही.

मग रोजच्या वापरातल्या तीन. प्रत्येकीवर दहा ठिकाणी, दोन्ही बाजूंनी. साठ रीडिंग. पंधरा. पंधरा. साडेचौदा. पंधरा. साडेपंधरा. मी वही बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण माझाच किरण हलत असावा असं वाटलं. पुन्हा तेच. एक अंशापेक्षा जास्त फरक कुठेही नाही, तोही फक्त टोकाकडे. आणि हे कुठल्याही साच्याशिवाय, नुसत्या मनगटाने दगडावर धरून.

आमच्या कारखान्यात गेज, म्हणजे मापाचे ठोकळे, हाताने घासणारे दोन म्हातारे कारागीर होते. त्यांचा हात असा स्थिर व्हायला वर्षं लागली होती. हे एका दुपारी येत नाही. दहा दुपारीही येत नाही. मी साडेआठशेच्या आकड्याकडे परत पाहिलं. तेवढे तास लागलेच असते, असा तो आकडा होता.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात तासभर उशिरा येतो म्हणून कळवलं. मुलगी चहाला आली तेव्हा मी म्हणालो, "आपल्या सुऱ्या मोजल्या काल."

"त्यांनाही भोकं पाडली का?"

"लेझरने. पंधरा अंश आहे सगळीकडे. फक्त टोकाला सोळा होतो."

ती चिडलेलीच होती. पण कप हातातच राहिला.

"कुठली? लाल मुठीची?"

"तिन्ही. शेवटच्या दोन-अडीच सेंटीमीटरला."

"टोकाशी कोपर उचलायचं विसरते मी. शेफही तेच ओरडायचे. लेझरने दिसतं ते?"

"दिसतं."

"मग मला दाखवा."

मी दाखवलं. पडदे ओढले, पुठ्ठा उभा केला. ती सुरी इंच-इंच सरकवत होती आणि पुठ्ठ्यावरचा लाल डाग हलतोय का ते पाहत होती. टोकाशी तो सरकला तेव्हा तिने स्वतःलाच एक शिवी दिली. माझ्यासमोर तिने शिवी दिल्याची ती पहिलीच वेळ. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या अर्ध्या तासात बाकीचं कळलं. पहिले तीन महिने तिला फक्त मोडक्या सुऱ्या मिळाल्या. मग किचनच्या. जपानी सुरीला हात लावायला मिळाला तो शेवटच्या महिन्यात. शेफचा उजवा खांदा गेला आहे, दगडावर वाकून जोर लावता येत नाही. जाताना ते म्हणाले होते, जिला मी धार लावू शकत नाही ती सुरी माझी कशी?

"आणि गोव्याला कशाला बोलावलं?"

"कटिंगला. सांगितलं होतं की. धार त्यातच आली."

मी त्यांचा नंबर मागितला. तिने दिला, पण ओठ घट्ट मिटून. मी तिच्यासमोरच फोन लावला. गृहस्थ मराठीत सुरुवात करून हिंदीत घसरत होते. मी कोण ते सांगताच म्हणाले, "तीन जगह ठोक के देखा ना आपने? उसने बताया. मैंने भी खरीदते समय शक किया था." मी हसलो नाही. राहायची सोय कुठे, बरोबर किती मुली, खोलीमालकिणीचं नाव, हॉटेलपासून अंतर, शेवटची ड्यूटी किती वाजता सुटते, घरी कोण सोडतं, हे सगळं विचारून लिहून घेतलं. उत्तरं ते न अडखळता देत होते. न अडखळता उत्तरं देणाऱ्या पुरवठादारांचा मला चांगला अनुभव नाही. खोलीमालकिणीचाही नंबर मागून घेतला आणि तिच्याशीही बोललो. माझी त्या माणसाबद्दलची शंका पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. मुलीबद्दलची गेली.

"ठीक आहे," मी फोन ठेवून म्हणालो. "जा."

"मी विचारलं नव्हतं."

"मी सांगितलं. तिकीट काढायला लागेल. सणाच्या गर्दीत मिळणार नाही."

"काढलंय. मंगळवारचं."

"कधी काढलंस?"

तिने कप विसळायला घेतला. बायकोने मिक्सरचं भांडं उगाच उघडून पाहिलं.

"मी विचारतोय, काढलं कधी?"

"घट बसायच्या आधी," मुलगी म्हणाली. पाठ माझ्याकडेच होती.

म्हणजे तिने मला विचारलं त्याच्या किमान चार दिवस आधी. ती काहीतरी लपवतेय, ही माझी शंका एका बाबतीत तरी खरी होती. पण ते बोलून दाखवावंसं वाटलं नाही.

"मग मला विचारलंस कशाला?"

ती वळली. "तुम्ही हो म्हणावं असं वाटत होतं. जाणार तर होतेच. पण हो म्हटल्यावर जायचं होतं."

"सीट कुठली?" मी विचारलं.

"स्लीपर बसची. खालची. चौदा नंबर."

"चौदा बहुतेक मागच्या चाकावर येते. रात्रभर धक्के बसतील," मी म्हणालो. "फोन दे इकडे. बदलता येते का बघतो."